विश्लेषण : जुना संगणक, बंद पडलेला ड्राइव्ह थेट भंगारात कशाला? पिंपरी-चिंचवड, चाकणमध्ये पुनर्वापराचे गणित कुठे अडते?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित मोफत आधार थांबवला. त्यामुळे जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात निघू शकतात, असा अंदाज ‘कॅनालिस’ या बाजार संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच वर्तवला होता. हे संगणक बंद पडलेले नाहीत. त्यांच्यावर नवी कार्यप्रणाली चालत नाही, एवढाच त्यांचा दोष. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण या पट्ट्यात असाच प्रश्न कारखान्यांच्या शॉपफ्लोअरवरही आहे. लोखंडी सांगाडा ठणठणीत असलेली सीएनसी मशीन केवळ कंट्रोलर जुना झाला म्हणून विक्रीला निघतात. अशा वस्तू तोडून त्यातला धातू काढायचा, की दुरुस्त करून आणखी काही वर्षे चालवायच्या? कायद्यात दोन्ही वाटा खुल्या आहेत. मात्र, पैसा आणि कागदपत्रांची सोय प्रामुख्याने पहिल्याच वाटेवर आहे. ते कसे, हे समजून घेऊया.

पुनर्वापर आणि पुनर्चक्रीकरण यांत फरक काय?

ई-कचरा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यासमोर पुनर्चक्रीकरण येते. म्हणजे वस्तू फोडायची, चिरडायची, वितळवायची आणि तांबे, ॲल्युमिनियम, लोखंड, सोने वेगळे करायचे. त्याआधी मात्र चार पायऱ्या असतात. वस्तू दुरुस्त करून त्याच मालकाने वापरणे ही पहिली. ती नीट तपासून, भाग बदलून दुसऱ्याला विकणे किंवा देणे म्हणजे नूतनीकरण, बाजाराच्या भाषेत ‘रिफर्बिश’ करणे, ही दुसरी. मूळ कामाला उपयोगी न राहिलेली वस्तू वेगळ्या कामाला लावणे ही तिसरी. त्यातले चांगले सुटे भाग काढून दुसऱ्या वस्तूत बसवणे ही चौथी. या चारही वाटा बंद झाल्या की पुनर्चक्रीकरणाची वेळ येते.

फरक महत्त्वाचा आहे, कारण पुनर्चक्रीकरणात वस्तूची बहुतांश किंमत नष्ट होते. मेमरी चिप किंवा प्रोसेसर तयार करण्यासाठी अतिशुद्ध सिलिकॉन, अतिशुद्ध पाणी आणि प्रचंड वीज लागते. भट्टीत गेल्यावर त्यातले सोने-तांबे परत मिळते, चिप मिळत नाही. लॅपटॉप किंवा मोबाइलमुळे आयुष्यभरात होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो वापरताना नव्हे, तर तो बनवतानाच खर्ची पडतो. म्हणून वापराचे प्रत्येक वाढीव वर्ष हे नवी वस्तू बनवणे पुढे ढकलते.

संयुक्त राष्ट्रांच्या ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर २०२४’नुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला फक्त २२.३ टक्के अधिकृतरीत्या गोळा होऊन पुनर्चक्रीकरणाला गेल्याची नोंद आहे. दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या जागतिक मागणीपैकी जेमतेम एक टक्का ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणातून भागते. म्हणजे उत्तम पुनर्चक्रीकरण झाले तरी सगळे काही परत मिळते, हा समज चुकीचा आहे.

या औद्योगिक पट्ट्यातील ई-कचरा वेगळा कसा?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६० च्या दशकात एमआयडीसीच्या वसाहतीसोबत मोटार उद्योग वाढला आणि त्याला सुटे भाग पुरवणारी हजारो लहान वर्कशॉप भोसरी, चिंचवड, आकुर्डी, चिखली, तळवडे परिसरात उभी राहिली. पुढे चाकणमध्ये बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्रा यांचे प्रकल्प आले. शेजारी हिंजवडीत आयटी पार्क वाढले.

त्यामुळे इथे तीन वेगवेगळे प्रवाह एकत्र येतात. पहिला कार्यालयांचा : लॅपटॉप, डेस्कटॉप, सर्व्हर, यूपीएस, नेटवर्क स्विच. दुसरा शॉपफ्लोअरचा : पीएलसी, सर्व्हो ड्राइव्ह, इन्व्हर्टर, एचएमआय, पॉवर सप्लाय, सेन्सर, वेल्डिंग रोबोचे कंट्रोलर. तिसरा प्रवाह आता सुरू होतो आहे तो ई-वाहनांच्या बॅटऱ्यांचा. घरातल्या जुन्या मोबाइल-टीव्हीपेक्षा पहिल्या दोन प्रवाहांचे स्वरूप वेगळे आहे. एकाच मॉडेलच्या शेकडो वस्तू एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून, बऱ्या स्थितीत बाहेर पडतात. पुनर्वापरासाठी यापेक्षा सोयीची परिस्थिती नाही. दहा वेगवेगळे लॅपटॉप दुरुस्त करणे कठीण, पण एकाच मॉडेलच्या दोनशे लॅपटॉपमधून दीडशे चांगले तयार करणे सोपे, कारण उरलेले पन्नास सुट्या भागांचा साठा बनतात.

मशीनचे लोखंड ठणठणीत, मग ते भंगारात का?

व्हर्टिकल मशिनिंग सेंटर, म्हणजे शॉपफ्लोअरवरचे ‘व्हीएमसी’, काही टन वजनाचे असते. त्याचा बिडाचा बेड आणि कॉलम कित्येक दशके टिकतात. स्लाइड घासून, बॉलस्क्रू आणि बेअरिंग बदलून, स्पिंडल दुरुस्त करून त्याची अचूकता बऱ्याच अंशी परत आणता येते. आधी म्हातारे होते ते इलेक्ट्रॉनिक्स. पंधरा-वीस वर्षांनी कंट्रोलरचे कार्ड मिळत नाही, डिस्प्ले जातो, ड्राइव्ह वारंवार ट्रिप होतो.

बिघाडाची कारणे बहुतेक वेळा साधी असतात. पॉवर सप्लाय आणि ड्राइव्हमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कोरडे पडतात. तापमान १० अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. पॅनेलचा कूलिंग फॅन बंद पडून महिनाभर कोणाच्या लक्षात आले नाही, तर कार्ड जाण्याचे कारण तिथेच असते. कूलंटची वाफ आणि धातूची बारीक धूळ कार्डवर बसते. आयजीबीटी मॉड्यूल शॉर्ट होते. जुन्या कंट्रोलरमधील मेमरी टिकवणारी छोटी बॅटरी वेळेत बदलली नाही तर मशीनचे पॅरामीटर पुसले जातात आणि चांगले मशीन ‘मेलेले’ दिसते.

यावर तीन उपाय असतात. पहिला, कार्डमधला नेमका बिघडलेला भाग शोधून बदलणे. दुसरा, त्याच मॉडेलचे कार्ड दुसऱ्या निकामी मशीनमधून काढून बसवणे. तिसरा म्हणजे ‘रेट्रोफिट’ : लोखंड तेच ठेवून कंट्रोलर, ड्राइव्ह, मोटर, एन्कोडर आणि वायरिंग नवे करणे. लहान उपायही आहेत. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी यूएसबी एम्युलेटर बसवला, जुन्या सीआरटीच्या जागी एलसीडी लावला, की मशीन आणखी काही वर्षे चालते. लघुउद्योजकासाठी हा पर्यावरणापेक्षा कर्जाच्या हप्त्याचा प्रश्न असतो. नव्या मशीनसाठी बँकेकडे जायचे की जुन्याच्या दुरुस्तीवर ऑर्डर पूर्ण करायची, हे त्यावर ठरते.

उत्पादकाने मॉडेल बंद केले की काय होते?

याचे ठळक उदाहरण सीमेन्सच्या ‘सिमॅटिक एस७-३००’ या पीएलसीचे. १९९० च्या दशकात आलेला हा पीएलसी मोटार उद्योगाच्या असेंब्ली लाइनपासून पेंट शॉपपर्यंत सर्वत्र दिसतो. कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून तो टप्प्याटप्प्याने बंद करण्याची प्रक्रिया सुरू केली. सुटे भाग २०३३ पर्यंत मिळतील, असे जाहीर केले आहे. म्हणजे ज्यांच्या लाइनवर तो आहे, त्यांना दहा वर्षांची मुदत आहे.

मोठा कारखाना या मुदतीत नव्या पिढीच्या पीएलसीकडे वळतो. त्याच्या पॅनेलमधून निघालेली चालू स्थितीतील मॉड्यूल ही लहान कारखान्यासाठी सोन्यासारखी असतात. चाकणमधला प्रकल्प जे काढून टाकतो, त्यावर भोसरीतले वर्कशॉप आणखी दहा वर्षे चालू शकते. प्रत्यक्षात मात्र ही मॉड्यूल अनेकदा ‘मिक्स स्क्रॅप’च्या लॉटमध्ये किलोवर जातात. ती उतरवताना वायरी कापल्या जातात, कार्ड एकमेकांवर फेकली जातात, स्टॅटिक विजेने चिप खराब होतात. चालू वस्तू भंगार होते ती कारखान्याच्या गेटवर, पुनर्चक्रीकरण केंद्रात नव्हे.

संगणकांच्या पुनर्वापरात अडचण कोणती?

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि साधारण २०१७-१८ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे संगणक अधिकृतरीत्या बाद ठरतात. घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेता येतात, तर कंपन्यांना पैसे भरून तीन वर्षांपर्यंत. पण त्याच संगणकात एसएसडी आणि जास्तीची रॅम टाकून ‘लिनक्स मिंट’ किंवा ‘उबंटू’सारखी मोफत कार्यप्रणाली बसवली, तर तो शाळेची संगणक प्रयोगशाळा, ग्रंथालय, टायपिंग, ऑनलाइन अर्ज किंवा शॉपफ्लोअरवर ड्रॉइंग पाहणे या कामांना पुरतो.

कंपन्यांच्या हिशेबात या संगणकाला जवळपास किंमत नसते. आयकरासाठी संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा मिळतो. ६० हजार रुपयांचा लॅपटॉप चार वर्षांनी या हिशेबात सुमारे ७,७७६ रुपयांवर येतो. त्यामुळे तो विकून काय मिळेल यापेक्षा त्यातली माहिती बाहेर गेली तर काय होईल, ही भीती मोठी असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात गंभीर निष्काळजीपणासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परिणामी अनेक ठिकाणी हार्ड डिस्कच नव्हे, तर सगळा लॅपटॉप श्रेडरमध्ये घालण्याकडे कल असतो.

तांत्रिकदृष्ट्या याची गरज नसते. माहिती कायमची पुसण्यासाठी अमेरिकेतील ‘निस्ट’ या संस्थेचे ‘८००-८८’ हे मार्गदर्शक तत्त्व जगभर वापरले जाते. डिस्क आधीपासून एन्क्रिप्ट असेल तर तिची किल्ली नष्ट केली की माहिती वाचताच येत नाही. त्यातूनही धाकधूक असेल तर फक्त डिस्क काढून चिरडावी. बाकीचा लॅपटॉप नवी एसएसडी घालून चालू होतो.

आणखी एक तरतूद कमी वापरली जाते. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेतील किंवा निर्यातप्रधान युनिटना शुल्कमुक्त आणलेले संगणक दोन वर्षांनंतर मान्यताप्राप्त ना-नफा शैक्षणिक संस्था, धर्मादाय रुग्णालये, सार्वजनिक ग्रंथालये यांना शुल्क न भरता देणगी देता येतात. परकीय व्यापार धोरणातच ही सोय आहे. हिंजवडी-तळवडे परिसरातील आयटी उद्योग आणि खेड, मावळ, मुळशीतील शाळा यांच्यातील अंतर पाहता, या तरतुदीला इथे मोठा वाव आहे. पुण्यातील पूर्णम इकोव्हिजन फाउंडेशनसारख्या संस्था ई-कचरा संकलनातून मिळालेले वापरण्याजोगे संगणक दुरुस्त करून शाळांपर्यंत पोहोचवतात. पण असे काम स्वयंसेवी संस्थांच्या बळावर चालते, व्यवस्थेचा भाग म्हणून नाही.

कायदा काय सांगतो?

ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यात १०६ प्रकारची विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे येतात. उत्पादकांवर ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ म्हणजे ईपीआर टाकण्यात आली. बाजारात विकलेल्या मालाच्या प्रमाणात जुना माल पुनर्चक्रीकरणाला गेला, हे त्यांनी दाखवायचे. हे लक्ष्य २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ६० टक्के, त्यापुढच्या दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के आहे. उत्पादक स्वतः कचरा गोळा करत नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडून तो प्रमाणपत्रे विकत घेतो.

वर्षभरात किमान एक हजार उपकरणे वापरणारी संस्था ‘मोठी ग्राहक’ ठरते. तिने ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रीकरण करणारा यांनाच द्यायचा असतो. म्हणजे नूतनीकरण करणाऱ्याला कायद्याने स्वतंत्र स्थान दिले आहे. त्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी केली की तो नूतनीकरण प्रमाणपत्र देऊ शकतो.

मग पुनर्वापराचे गणित अडते कुठे?

पहिली अडचण : नूतनीकरणामुळे उत्पादकाची जबाबदारी संपत नाही, फक्त पुढे जाते. समजा एखाद्या उत्पादकाचे लक्ष्य १०० टन आहे. त्याने ६० टनांचे पुनर्चक्रीकरण आणि ४० टनांचे नूतनीकरण प्रमाणपत्र घेतले. वाढीव आयुष्य संपल्यावर त्या ४० टनांपैकी ७५ टक्के, म्हणजे ३० टन, पुन्हा त्याच्या खात्यात येतात. १० टनांची सवलत हाच काय तो लाभ. दोन वेळा प्रमाणपत्र घेण्यापेक्षा एकदाच पुनर्चक्रीकरण करून मोकळे होणे अनेकांना सोपे वाटणे स्वाभाविक आहे.

दुसरी अडचण : सगळा हिशेब वजनाचा आहे. सरकारने २०२४ मध्ये प्रमाणपत्रांच्या किमतीला तळ घातला. ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्ससाठी किलोमागे किमान २२ रुपये आणि स्मार्टफोनसाठी ३४ रुपये. सॅमसंग, एलजी, डायकिन आदी कंपन्यांनी त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. आता २०० ग्रॅमच्या फोनचा हिशेब केला तर ही किंमत ६ रुपये ८० पैसे होते. चालू स्थितीतील जुना फोन बाजारात हजारो रुपयांना जातो. वजनाचा काटा हे मूल्य मोजूच शकत नाही. शिवाय पुनर्चक्रीकरणाची प्रमाणपत्रे सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंच्या वसुलीवर आधारित आहेत. चालू मेमरी, चालू आयजीबीटी किंवा चालू डिस्प्ले यांना त्यात जागा नाही.

तिसरी अडचण या पट्ट्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी आहे. मोठी, एका जागी बसवलेली औद्योगिक यंत्रे या नियमांच्या यादीतून वगळली आहेत. म्हणजे सीएनसी मशीन बनवणाऱ्यावर ती परत घेण्याची जबाबदारी नाही. दुसरीकडे, सूक्ष्म उद्योगांना या नियमांतून सूट आहे. भोसरीतल्या एखाद्या गाळ्यात ड्राइव्ह दुरुस्त करणारा कारागीर त्यामुळे कारवाईच्या भीतीतून सुटतो, पण हिशेबातूनही बाहेर पडतो. त्याने वर्षभरात वाचवलेले शेकडो ड्राइव्ह कोणत्याही अहवालात दिसत नाहीत आणि मोठी कंपनी त्याला अधिकृतपणे माल देऊ शकत नाही.

कुदळवाडीच्या कारवाईचा याच्याशी संबंध काय?

चिखली-कुदळवाडी हा पिंपरी-चिंचवडमधील भंगार व्यवसायाचा मोठा पट्टा होता. इथल्या गोदामांना वारंवार आगी लागत. धूर, जळके प्लास्टिक आणि सांडपाण्याच्या तक्रारी होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने व्यावसायिकांचा विरोध असतानाही इथे मोठी कारवाई केली आणि हजारो अनधिकृत पत्राशेड, गोदामे व लहान कारखाने पाडले.

प्रदूषण आणि आगीचा धोका खरा होता. वायरी जाळून तांबे काढणे, ॲसिड वापरून सोने वेगळे करणे हे प्रकार कोणत्याही वस्तीत चालू देता येणार नाहीत. पण भंगाराच्या बाजारात दोन वेगळी कामे एकाच छताखाली चालतात, हेही तितकेच खरे. एक तोडण्याचे आणि दुसरे निवडण्याचे. लॉटमधून चालू मोटर, ड्राइव्ह, कॉन्टॅक्टर, ट्रान्सफॉर्मर, सेन्सर बाजूला काढणारा माणूस हाच पुनर्वापराचा पहिला दुवा असतो. वर्कशॉपवाल्याला बंद झालेल्या मॉडेलचे कार्ड मिळण्याचे ठिकाणही बहुधा तेच असते. शेड पाडले की तोडण्याचे काम आणखी दूर, कमी नजरेच्या जागी जाते. निवडण्याचे काम मात्र ओळखी आणि जवळीक यांवर चालते, ते मोडते.

पुण्यात याउलट अनुभवही आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. ओळखपत्र, ठरलेली जागा आणि महापालिकेशी करार मिळाला की असंघटित कामगार व्यवस्थेचा भाग होऊ शकतात, हे तिने दाखवले. औद्योगिक इलेक्ट्रॉनिक्सच्या निवडीसाठी अशी रचना अद्याप उभी राहिलेली नाही.

ई-वाहनांच्या बॅटऱ्यांचे काय?

बजाजची इलेक्ट्रिक चेतक जानेवारी २०२० मध्ये पुणे आणि बंगळूरु येथे सर्वप्रथम विक्रीला आली. जून २०२२ मध्ये आकुर्डीत तिच्यासाठी स्वतंत्र प्रकल्प सुरू झाला. महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक एसयूव्ही चाकणमध्ये बनतात. म्हणजे निवृत्त बॅटऱ्यांचा पहिला मोठा लोंढा येत्या काही वर्षांत याच परिसरात दिसू लागेल.

बॅटरीची क्षमता मूळच्या ७० ते ८० टक्क्यांवर आली की गाडीची रेंज कमी पडते. पण एका जागी ठेवून सौरऊर्जा साठवणे, यूपीएस किंवा डिझेल जनरेटरला पर्याय म्हणून ती वापरता येते. २०२२ मध्ये ‘नुनाम’ या बर्लिन-बंगळूरुस्थित नवउद्योगाने ऑडीच्या ई-ट्रॉन चाचणी गाड्यांतील बॅटऱ्या ई-रिक्षांमध्ये बसवून दाखवल्या. ॲमस्टरडॅममधील योहान क्रायफ स्टेडियमच्या वीजसाठा प्रकल्पात २०१८ पासून निसान लीफ गाड्यांच्या नव्या आणि वापरलेल्या बॅटऱ्या काम करत आहेत.

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ मध्ये नूतनीकरणाची व्याख्या आहे. पण अडचण माहितीची आहे. बॅटरी किती वेळा चार्ज झाली, किती तापली, कोणता सेल कमजोर आहे, हे तिच्या व्यवस्थापन प्रणालीत नोंदलेले असते आणि ती माहिती वाहन कंपनीच्या ताब्यात असते. ती मिळाली नाही तर प्रत्येक पॅक उघडून तपासावा लागतो. तो खर्च, वर नव्या सेलच्या घसरत्या किमती, यांत दुसऱ्या आयुष्याचे गणित जुळणे कठीण होते. आगीचा धोका पाहता न तपासलेले सेल जोडून विकणे हा पुनर्वापर नसून जुगार आहे.

जुने ते वापरणे नेहमीच चांगले का?

नाही. जी वस्तू वापरताना जास्त वीज खाते, तिचे आयुष्य वाढवणे तोट्याचे ठरू शकते. जुना फ्रिज, जुना एसी किंवा अनेकदा रिवाइंड केलेली, दोन पाळ्यांत चालणारी इंडक्शन मोटर ही अशी उदाहरणे. कारखान्यातील मोटरच्या आयुष्यभराच्या खर्चात खरेदीची किंमत लहान आणि विजेचे बिल मोठे असते. उलट लॅपटॉप, मोबाइल, पीएलसी, मोजमाप उपकरणे यांत वीज कमी आणि बनवण्याचा खर्च जास्त, म्हणून त्यांचे आयुष्य वाढवणे फायद्याचे.

दुसरा धोका सुरक्षेचा. सुरक्षा अपडेट थांबलेला संगणक इंटरनेटला जोडून बँकेचे व्यवहार करणे योग्य नाही. आपत्कालीन स्टॉप किंवा प्रेसच्या लाइट कर्टनसारख्या सुरक्षा उपकरणांत अनोळखी स्रोताचे जुने भाग वापरणे हे कामगारांच्या हातांशी खेळणे आहे. तिसरा धोका फसवणुकीचा. ‘सेकंड हँड’च्या नावाखाली श्रीमंत देशांतील निरुपयोगी माल गरीब देशांत टाकला जातो. म्हणूनच बाझल कराराच्या १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या सुधारणांनुसार सर्व प्रकारच्या ई-कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीला आयात करणाऱ्या देशाची पूर्वसंमती लागते.

‘दुरुस्तीचा हक्क’ कुठपर्यंत आला?

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. शेती उपकरणे, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. पुढे भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ३ मे २०२५ रोजी ‘दुरुस्ती-क्षमता निर्देशांका’चा अहवाल दिला. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबपासून, पाच गुणांच्या श्रेणीने करावी, अशी शिफारस त्यात आहे.

फ्रान्समध्ये असा निर्देशांक जानेवारी २०२१ पासून आहे. युरोपीय महासंघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनचे महत्त्वाचे सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे मिळणे बंधनकारक आहे. भारतातील चर्चा मात्र ग्राहकाच्या हातातील वस्तूंभोवती आहे. ड्राइव्हचा सर्किट आराखडा, कंट्रोलरचा पासवर्ड, सॉफ्टवेअरचा परवाना यांत अडकलेला लघुउद्योजक त्या चर्चेत अजून आलेला नाही.

पुढे काय करता येईल?

यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहण्याची गरज नाही. मोठ्या कारखान्यांनी आणि आयटी कंपन्यांनी भंगाराचा लिलाव करताना ‘चालू’, ‘दुरुस्तीयोग्य’ आणि ‘तोडण्यायोग्य’ असे तीन वेगळे लॉट केले, तरी चित्र बदलते. पॅनेल उतरवताना मॉडेल क्रमांकाची यादी आणि साधे अँटिस्टॅटिक पॅकिंग एवढे पुरते. लघुउद्योग संघटनांना बंद झालेल्या मॉडेलच्या सुट्या भागांची सामायिक यादी चालवता येईल. त्यामुळे एकाच्या पॅनेलमधला भाग दुसऱ्याची बंद लाइन सुरू करू शकेल. आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये कार्ड-पातळीवरील दुरुस्ती शिकवण्यासाठी हेच जुने ड्राइव्ह आणि पीएलसी साहित्य म्हणून वापरता येतील.

महापालिका आणि एमआयडीसीपुढचा प्रश्न जागेचा आहे. अग्निसुरक्षा, मोजून दिलेले लहान गाळे, वायरी जाळण्यावर कडक बंदी आणि उरलेला कचरा नोंदणीकृत केंद्राकडे देण्याची अट, अशा चौकटीत निवड-दुरुस्तीचे काम परत आणता येईल. सूक्ष्म दुरुस्ती व्यावसायिकांना एकत्रितपणे, सहकारी संस्था किंवा समूहाच्या रूपाने पोर्टलवर नोंदणी करता आली, तर मोठ्या कंपन्यांचा अधिकृत माल त्यांच्यापर्यंत पोहोचू शकेल.

सामान्य वाचकासाठी नियम साधा आहे. फोन किंवा लॅपटॉप बदलताना आधी बॅटरी, एसएसडी किंवा डिस्प्ले बदलून काम भागते का ते पाहावे. विकताना किंवा देताना खात्यांतून लॉगआउट करून फॅक्टरी रीसेट करावा आणि लॅपटॉपची डिस्क पुसावी. कपाटात पाच वर्षे पडून राहिलेल्या फोनची बॅटरी फुगते आणि तो फक्त तोडण्याच्याच लायकीचा उरतो. पुनर्वापराची संधी वस्तू जुनी झाल्याने जात नाही, ती पडून राहिल्याने जाते. चाकणच्या स्क्रॅप यार्डात उघड्यावर ठेवलेल्या पॅनेललाही हेच लागू होते. एका पावसाळ्यात चालू ड्राइव्हचे भंगार होते.